जागा बघणारा मामा

सोमवार, ४

अंगण वाकडं म्हणून रडणाऱ्यांतला मी नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात, हलत्या होडीत, एकदा तर दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये मी लग्नाचे फोटो काढलेत. लिफ्टमधला नवरा घाबरून नवरीऐवजी मलाच बिलगला होता, तरी माझा फोकस हलला नाही. पण आज अंगणच राहिलेलं नाही. भाचीच्या लग्नासाठी घेतलेल्या हॉलचं छत काल खाली आलं, तेही नेमकं स्टेजवर. नशीब, आत कोणी नव्हतं.

"सोमवारी स्वस्त पडतो म्हणून घेतलात ना?" ताई भावोजींना म्हणाली. "आता कळलं का पडतो ते?"

"अगं, आपल्या आधी पडला हे बघ की," भावोजी म्हणाले.

तारीख हलवता येत नाही. नोंदणी कार्यालयाचे साहेब अठरा तारखेला सकाळी अकरालाच मोकळे आहेत. सांगाल तिथे येतो, म्हणाले. म्हणजे फक्त जागा हवी. मी छाती ठोकून सांगितलं, जागा मी बघतो. एकुलती एक भाची आहे. ती दोन वेण्या घालून शाळेत जायची तेव्हापासून मी ठरवलंय, की माझ्या हातचे सगळ्यात चांगले फोटो हिच्या लग्नाचे असतील.

"बघ," ताई म्हणाली, "पण एकटा जाऊ नकोस. पावडरबाईंना घेऊन जा."

न्यायलाच हव्यात. त्यात सांगण्यासारखं काय होतं कोण जाणे.

मंगळवार, ५

पावडरबाई म्हणजे नवरीचा मेकअप करणाऱ्या. हे नाव मीच ठेवलं. उलट त्या मला उजेडराव म्हणतात, म्हणजे फिटंफाट. कितीतरी लग्नं आम्ही एकत्र केलीत. आमची एक पद्धत आहे. लग्न ज्या वेळेला, त्याच वेळेला आधी जाऊन जागा बघायची. नवरी जिथे उभी राहणार तिथे पावडरबाई उभ्या राहतात, मी फोटो काढतो. त्या येताना अर्ध्या चेहऱ्याला एक रंग आणि अर्ध्याला दुसरा लावून येतात. मग कुठला गाल त्या उजेडात बरा दिसतो ते आम्ही ठरवतो. बसमधले लोक त्यांच्याकडे डोळे फाडून बघतात. त्यांना काही नसतं. "तिकीट एकाच चेहऱ्याचं घेतलंय," म्हणतात.

आज त्यांना कळवायला त्यांच्या दुकानात गेलो, तर तिथे खोकी बांधणं चाललं होतं. एका नाटक कंपनीत त्यांना नोकरी मिळालीय. दूर आहे म्हणाल्या. वीस तारखेला सकाळी निघणार, भाचीचं लग्न हे इथलं शेवटचं काम.

"अरे वा! छान झालं," मी म्हणालो.

"छान झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणजे, कायमचा पगार. दर वेळी नवऱ्यांच्या आयांशी भांडायला नको."

त्यांनी चिकटपट्टी दातांनी तोडली. नवी मेकअपवाली शोधावी लागेल. शहरात पुष्कळ आहेत. घरी आल्यावर पोटात कसंतरी होत होतं. दुपारची कॉफी बाधली असणार.

बुधवार, ६

वाचनालयाची जागा पाहिली. अव्वल! उंच खिडक्या आणि लांबलचक टेबलं आहेत, आणि अकरा वाजता पूर्वेच्या तावदानांतून असा उजेड येतो की नुसतं बटण दाबायचं. ग्रंथपाल अठराला सभागृह द्यायला तयार, फक्त टाळ्या हळू वाजवा म्हणाले. पावडरबाई प्रवासवर्णनांच्या कपाटाशी उभ्या राहिल्या. डावा गाल गव्हाळ, उजवा जरा गुलाबी. दोन्ही बरे दिसत होते, म्हणून जरा जास्त फोटो घ्यावे लागले.

कॅमेऱ्यात एक सोय आहे. एखादा चेहरा त्यात साठवून ठेवला की कॅमेरा गर्दीतूनही आधी तोच चेहरा धरतो. चाचणीचं काम झटपट व्हावं म्हणून आज पावडरबाईंचा चेहरा साठवला. हे मला आधी का सुचलं नाही!

गुरुवार, ७

वाचनालय रद्द. भाची म्हणते, होणाऱ्या जावयाला जुन्या पुस्तकांनी शिंका येतात. मी म्हटलं, तो तर तुला मुखपृष्ठांचे फोटो पाठवून पटवायचा ना? ती म्हणाली, "फोटोंनी शिंका येत नाहीत मामा. तू दुसरी जागा बघ. आणि घाई नको, निवांत बघा दोघं."

घाई नको म्हणे! लग्नाला दिवस किती राहिलेत याचा या घरात कुणाला पत्ता आहे का?

शनिवार, ९

पोहण्याचा तलाव. दुरुस्तीसाठी पाणी काढलंय, आत निळ्या फरश्या कोरड्या ठणठणीत. कल्पना माझीच. पाहुणे काठावर बसतील आणि जोडपं खाली तळाशी उभं राहील. निळ्या फरशांवरून उजेड असा उडतो की डोळ्यांखालची काळी वर्तुळं आपोआप जातात. हे मला पावडरबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांना अलीकडे वर्तुळं आली आहेत. खोकी बांधण्याचे कष्ट असतील.

शिडी उतरताना त्यांचा पाय सटकला, मी हात धरला. तळाशी गेल्यावर हात सोडायचं माझ्या लक्षातच आलं नाही. लेन्स बदलायला दोन्ही हात लागले तेव्हा आलं.

"उजेडराव, नवरा नको का फ्रेममध्ये?" त्यांनी विचारलं. "एकटी नवरी उभी करून अंतर कसं कळणार?"

मुद्दा बरोबर होता. मी टायमर लावला आणि पळत जाऊन शेजारी उभा राहिलो. फोटोत मी धापा टाकतोय आणि त्या खदाखदा हसतायत.

संध्याकाळी जागा रद्द. भावोजी म्हणाले, "मेव्हणे, मला पोहता येत नाही."

"भावोजी, पाणीच नाहीये त्यात!"

"पण ऐनवेळी सोडलं तर?"

ताईने तोंडाला पदर लावला होता. ती हसत होती की खोकत होती ते कळलं नाही. या घरातल्या माणसांचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं मात्र कळलं.

मंगळवार, १२

आज मोठ्या धुलाई कारखान्यात गेलो. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे येतात. गच्चीवर दोरीमागून दोरी पांढऱ्या चादरी, वारा, आणि मधून जायला चिंचोळ्या वाटा. इतका मऊ उजेड मी आजवर कुठल्याही भाड्याच्या पडद्यांतून काढू शकलेलो नाही. खालून इस्त्रीची वाफ वर येते. तिने पावडरबाईंचे दोन्ही गाल वितळले, गव्हाळ गुलाबीत आणि गुलाबी गव्हाळात. त्या वैतागल्या आणि तिथल्याच नळावर तोंड धुऊन आल्या.

"आज चाचणी नाही व्हायची," म्हणाल्या. "चेहरा कोराच आहे."

मी म्हटलं, कोरा तर कोरा, उजेड तर बघू. मग चादरींतून पुढे त्या आणि मागे मी, दुपारपर्यंत. कारखान्याच्या मुकादमाने दोनदा येऊन विचारलं, "झालं का?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "एकच शेवटचा."

परतताना आम्ही बस सोडून चालत आलो. त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर जागा बघायला कुणाला नेणार?"

"एक प्लास्टिकचा पुतळा मिळतो," मी म्हणालो. "कपड्यांच्या दुकानात असतो ना, तसला. बोलत नाही, दमत नाही."

"आणि वितळला तर?"

मी म्हटलं, दुकानात विचारून बघतो. पुतळ्याची किंमत मात्र अजून विचारलेली नाही.

बुधवार, १३

भाचीने धुलाई कारखान्याचे फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. एकेक मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "मामा, यात जागा कुठे आहे?"

"मागे चादरी आहेत की."

"एक पांढरं काहीतरी आहे खरं. पुढे मात्र सगळीकडे पावडरबाईच आहेत."

"चाचणीचे फोटो असेच असतात. तुला त्यातलं काय कळतं?"

"नाही रे, मला कुठलं कळायला," ती म्हणाली आणि फोटो घेऊन आत ताईकडे गेली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. ताईचं वाक्य ऐकू आलं, "पालथ्या घड्यावर पाणी." कोणाबद्दल ते कळलं नाही. भावोजींबद्दल असावं.

जागा रद्द. कारण, चादरी दवाखान्याच्याही असतात आणि ते शुभ वाटत नाही. हेच कुटुंब माझे दवाखान्याच्या व्हरांड्यातले फोटो चार लोकांना कौतुकाने दाखवत असतं!

शुक्रवार, १५

माझा धीर सुटला. जेवताना ताट बाजूला सारून म्हणालो, "आज जागा ठरली नाही तर सोमवारी बसथांब्यावर लग्न लावा, मी येतो तिथे."

तेव्हा भाची शांतपणे म्हणाली, "फर्निचरचं दुकान चालेल का?" होणारा जावई ज्या फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रेता आहे तीच जागा. सोमवारी दुकान बंद असतं, मालक द्यायला तयार आहेत. जावई भोळेपणाने म्हणाला, "हो मामा, मालक मागच्या मंगळवारीच हो म्हणालेत." टेबलाखाली काहीतरी झालं आणि तो "आई गं" म्हणाला. पोरगा चांगला आहे, पण त्याचा तारखांचा घोळ दिसतो. मागच्या मंगळवारीच जागा मिळाली असती तर मी कशाला उन्हातान्हात हिंडलो असतो?

"उद्या बघून ये," ताई म्हणाली, "आणि पावडरबाईंशी जरा बोल."

"मेकअपचं ना? ते आम्ही तिथे ठरवू."

ताईने कपाळाला हात लावला.

शनिवार, १६

शोरूम म्हणजे डोकेदुखी आहे. खिडकी एकही नाही. छताच्या नळ्यांचा उजेड असा हिरवट की माणूस काकडीसारखा दिसतो. जिकडे तिकडे आरशाची कपाटं, म्हणजे कुठूनही फोटो काढा, मी आहेच आत. वर प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. पण मी हार मानणाऱ्यांतला नाही. नळ्या बंद करायच्या, विक्रीला ठेवलेले सगळे टेबललॅम्प आणि उभे दिवे गोळा करून लावायचे. पिवळा, घरच्यासारखा उजेड येतो.

शोरूममध्ये खोट्या खोल्या मांडल्यात. खोटं स्वयंपाकघर, खोटी बैठक, खोटी झोपायची खोली, भिंती फक्त तीन. पावडरबाई खोट्या बैठकीत सोफ्यावर बसल्या. मी त्यांच्या डोक्यावरचा दिवा लावला. दोन्ही गालांना आज एकच रंग होता. मी विचारलं, दुसरा? म्हणाल्या, "आता काय ठरवायचंय? सोमवार तर आला."

मग त्या खोट्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ फिरवून पाहिला. पाणी येत नाही. "बरी आहेत ही घरं," म्हणाल्या. "सोडून जाताना काही वाटणार नाही."

कॉफी सोडलीय, तरी पोटात तेच. डॉक्टरला दाखवलं पाहिजे.

सोमवार, १८

लग्न झालं! काय ते लग्न! साहेबांनी अभ्यासाच्या टेबलावर वही उघडली आणि "सवलत लागू" असं लिहिलेल्या खुर्चीवर बसून भाची-जावयाच्या सह्या घेतल्या. पाहुणे सोफ्यांवर. सोफ्यांचं प्लास्टिक कोणी काढलं नव्हतं, त्यामुळे कोणी जरा हललं की असा आवाज यायचा की सगळे एकमेकांकडे संशयाने बघायचे. जावयाची आत्या खोट्या झोपायच्या खोलीत टेकली ती टाळ्यांनाच उठली. भावोजी पाय वर होणाऱ्या खुर्चीत बसले. पाय वर झाले ते खालीच येईनात, तसेच आडवे पडून त्यांनी लेकीला आशीर्वाद दिला. भाचीने सही केली तेव्हा ते आडव्यानेच रडले. मीही रडलो. खोटं कशाला लिहू? इवलीशी होती ती.

मी दोन कॅमेरे चालवले. नेहमीचा, आणि हाताने फोकस करायचा जुना, ज्यात सोय म्हणून कसलीच नाही, जे आहे ते डोळ्याचं आणि बोटाचं. पावडरबाई दिवसभर भाचीच्या मागे उभ्या होत्या. घाम टिपत होत्या, बट सारखी करत होत्या. आज सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं! लेन्समधून बघताना मला क्षणभरही शंका आली नाही. आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो.

निघताना त्या म्हणाल्या, "येते, उजेडराव."

मी म्हटलं, "या. सांभाळून."

बस्स, एवढंच बोलणं झालं.

मंगळवार, १९

सगळं मुसळ केरात.

सकाळी फोटो उघडले. सही करणारी भाची धूसर, मागे पावडरबाई लख्ख. अंगठी घालणारा जावई म्हणजे धुकं, धुक्यामागे पावडरबाई, पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात. आडवे भावोजी रडतायत, निदान रडत असावेत, कारण डबडबलेले डोळे दिसतायत ते पावडरबाईंचे. फोटोमागून फोटो तेच.

मग लक्षात आलं. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यात साठवलेला राहिला होता! चाचणीनंतर पुसायला विसरलो. माझं चुकलं नव्हतं, यंत्राने घात केला. रडवेल्या तोंडाने पण जरा हलक्या मनाने भाचीकडे गेलो आणि पायावर पडायचंच बाकी ठेवलं. यंत्राचं सगळं नीट समजावून सांगितलं.

ती मग म्हणाली, "आणि जुना कॅमेरा?"

"त्याचं काय?"

"त्यात चेहरे साठवता येतात?"

"छे, तो अगदीच साधा. त्याचा फोकस मी स्वतः..."

जुन्या कॅमेऱ्याचे फोटो मी अजून पाहिलेच नव्हते. तिने माझ्या पिशवीतल्या जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड काढून घेतलं आणि लॅपटॉपला लावलं. मला बघवत नव्हतं, तरी पाहिलं. तिथेही भाची धूसर. तिथेही त्या. उलट तिथे तर जास्तच नीट, कारण यंत्र घाईत असतं आणि मी घाईत नव्हतो.

"दिव्याखाली अंधार," भाची म्हणाली. "पंधरा दिवस सगळं घर खपतंय मामा. बाबा तर कोरड्या तलावात बुडायला तयार झाले तुझ्यासाठी."

मग शिंका, चादरी, जावयाचा मंगळवार, सगळं एकदम डोक्यात शिरलं. मी म्हणालो, "अगं, पण तुझ्या लग्नाचे फोटो..."

"मोबाइलवर सगळ्यांनी काढलेत. तुझे राहू देत. माझ्या लग्नात तू काय बघत होतास ते मला आयुष्यभर दाखवता येईल." मग तिने माझे दोन्ही हात धरले. "उद्या किती वाजता बस आहे त्यांची, माहितीय तुला?"

माहीत नव्हतं. तिला माहीत होतं.

मला त्या हव्या आहेत. हे वाक्य लिहायला आज एवढी पानं लागली. त्या गेल्या तर मला नुसतं वाईट वाटणार नाही, मला काही दिसायचंच नाही. पोटाचा डॉक्टर रद्द.

बुधवार, २०

बसमध्ये लिहितोय, अक्षर नाचतंय.

सकाळी बसस्थानकावर पोचलो तेव्हा त्या फलाटावर खोक्यांवर बसल्या होत्या. चेहरा कोरा. मी पळत गेल्यामुळे मला बोलता येईना. गळ्यात कॅमेरा होता, सवयीने अडकवलेला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय उजेडराव? इथे कुणाचं लग्न आहे?"

रात्रभर मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. त्यातला एक शब्द आठवला नाही. म्हणालो, "ठरायचंय. नवरी हो म्हणाली तर आपलं."

त्यांनी फलाटाकडे पाहिलं, पत्र्याच्या छपराकडे पाहिलं, धूर सोडत उभ्या असलेल्या बसकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वरातीमागून घोडं आणलंत. नोकरी घेतलीय मी. सोडणार नाही."

"सोडू नका. मीच येतो. मला कुठेही जमतं, तुम्हाला माहितीय. लिफ्टमध्ये जमलंय."

"आणि तिथे काय करणार?"

"तिथेही लोक लग्नं करत असतीलच."

त्या हसल्या. तलावात हसल्या होत्या त्याहून हळू, पण डोळे भरले होते. ते मी कॅमेऱ्यातून नाही, नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "खोकी उचला. बस सुटेल."

खोकी चढवली. शेजारी बसलो. बस सुटून शहराबाहेर आली तेव्हा वाहक आला. मी पैसे पुढे केले.

"कुठलं देऊ?" त्याने विचारलं.

पंधरा दिवस मी त्यांच्या जाण्याने आजारी होतो, पण त्या जातायत कुठे हे विचारलंच नव्हतं.

"ह्या उतरतील तिथलं द्या," मी म्हणालो.

वाहकाने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "जायचं, की जाऊन-येऊन?"

मी उत्तर द्यायच्या आत पावडरबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नुसतं जायचं द्या."